आतल्या खोलीचं मत

१

एक होतं भाड्याचं घर. घरात राहायची एक सासू, एक सून, आणि त्या दोघींचं बोलणं चालू असताना कोणाकडे बघून मान हलवायची हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही न उमगलेला एक मुलगा.

मुलगा मालाची गाडी चालवायचा. एकदा कोणाच्या तरी जिन्यावरून फ्रीज उतरवताना कमरेत अशी चमक भरली, की फ्रीज खाली गेला पण मुलगा वाकला तो वाकलाच. डॉक्टर म्हणाले, ओझं उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही, बसून करायचं काम बघा. आता बसून करायचं काम काय रस्त्यावर पडलेलं असतं? तेव्हापासून घर चालायचं सुनेच्या पगारावर. आणि सुनेची नोकरी होती कच्ची. दर काही महिन्यांनी मुदत संपायची, साहेब घसा खाकरायचे, आणि मुदत वाढायची. ते घसा खाकरेपर्यंत सुनेच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही.

नोकरी कपाटांच्या कंपनीत. खाली कारखाना, वर ऑफिस. खाली करवत सुरू झाली की वर चहाच्या कपात लाटा उठायच्या. ऑफिसात नुकतंच एक नवं सॉफ्टवेअर आलं होतं. मेल त्यातच, गप्पा त्यातच, मीटिंग त्यातच. काम तेवढं बाहेर राहिलं होतं.

एक दिवस साहेबांनी सुनेला बोलावलं.

"वरून आलंय," साहेब म्हणाले. मुख्य ऑफिसला ते 'वर' म्हणायचे आणि म्हणताना पंख्याकडे बघायचे, जणू मालक मंडळी तिथेच पाय सोडून बसली आहेत. "नव्या सॉफ्टवेअरबद्दल प्रत्येकाचं मत हवंय. प्रत्येकाचं म्हणजे एकूण एक. महिनाअखेर. ते तुम्ही जमवा."

"हो सर."

"सगळी मतं आली तर तुमची नोकरी पक्की करायची फाइल मी स्वतः वर पाठवतो. एक जरी राहिलं तर..." साहेब पंख्याकडे बघत राहिले.

सुनेनेही बघितलं. पंखा गरगर फिरत होता. त्याचं काय जात होतं?

२

तिने सगळ्यांना मेल पाठवला, कृपया आपलं मत नोंदवा. कोणी नोंदवलं नाही. तिने आठवणीचा मेल पाठवला. त्यावर एकाने अंगठा दाखवला. मत नाही, नुसता अंगठा. तेव्हा तिने पदर खोचला, चाकांची खुर्ची ढकलत निघाली आणि एकेकाच्या टेबलापाशी जाऊन ठाण मांडून बसली.

"लिही," हिशेबाच्या बाई म्हणाल्या. बाईंचा चेहरा असा, की कपाटाच्या दारावर छापला तर चोर फिरकणार नाही. "पूर्वी कोणाला काही हवं असलं की तो माझ्या टेबलाशी यायचा, माझं तोंड बघायचा आणि न मागताच परत जायचा. आता तोंड दिसत नाही. म्हणून सगळे मागत सुटलेत."

"म्हणजे एक ते पाचमध्ये किती गुण देऊ?"

"उणे आहेत का?"

आराखडे काढणारा म्हणाला, "दिवसभर टुंग, टुंग. परवा घरी बायकोने कपात चमचा हलवला तर मी म्हणालो, बघतो आणि कळवतो."

तक्रारींचे फोन घेणारी म्हणाली, "मला फार आवडलंय. शेजारणीशी तोंड न उघडता भांडता येतं."

साहेबांचंही मत घ्यायचं होतं. ते म्हणाले, "उत्तम सोय आहे," आणि फाइलीत डोकं घातलं. कारण बायकोला लिहिलेलं 'येताना दूध आणतो, रागावू नकोस' हे त्यांच्याकडून सगळ्या कंपनीला गेलं होतं, आणि वरून तिघांनी 'नोंद घेतली' असं उत्तर पाठवलं होतं.

होता होता सगळ्यांची मतं आली. सॉफ्टवेअरमध्ये एक हिरवी पट्टी होती, जसजशी मतं येत तसतशी भरत जाणारी. ती भरत भरत कडेला टेकत आली आणि नखाएवढी रिकामी राहिली. सुनेने ऑफिसातली डोकी मोजली, कारखान्यातली मोजली, फाटकावरचा रखवालदारही मोजला. सगळ्यांनी मत दिलेलं. तरी पट्टी आपली नखाएवढी रिकामीच.

३

ऑफिसात एक संगणकवाला होता. कोणतीही अडचण सांगा, त्याचं उत्तर एकच, बंद करून चालू करा. म्हणून त्याचं नावच पडलं होतं बंदचालू. सून त्याच्याकडे गेली.

त्याने कळा दाबल्या, वाचलं, आणि कान खाजवला. "एक बाकी आहे."

"कोण?"

"आतली खोली."

आतली खोली म्हणजे सामानाच्या कपाटांमागची, बोळाच्या टोकाची, बिनखिडकीची लहानशी खोली. तिथे छोट्या मीटिंगा व्हायच्या. कोणाला काही सुनवायचं असलं की साहेब तिथे न्यायचे, कारण आवाज बाहेर येत नसे.

"खोली मत कशी देईल?" सून म्हणाली.

"त्याचं काय झालं," बंदचालू म्हणाला, "खोल्या कोणी कधी घेतल्या ते कळावं म्हणून सॉफ्टवेअरात खोल्यांसाठी वेगळा कप्पा आहे. पहिल्या दिवशी तो कप्पा उघडेना. मी बंद करून चालू केलं, तरी उघडेना. साहेब डोक्यावर उभे. मग मी आतल्या खोलीला कर्मचारी म्हणून घातलं. दुसऱ्या दिवशी कप्पा उघडला, मोठी खोली त्यात गेली. आतलीला हलवायचं राहून गेलं."

"अरे, पण कर्मचारी म्हटलं की जन्मतारीख लागते."

"खोलीला रंग दिला ती तारीख घातली. रक्तगट माझा दिला."

सुनेने कपाळाला हात लावला. "आणि कोणाच्या लक्षात नाही आलं?"

"आलं तर. वाढदिवसाला केवढ्या शुभेच्छा आल्या. साहेबांनी लिहिलं होतं, असंच मन लावून काम करत राहा."

"काढून टाक तिला."

"काढायचं तर राजीनामा जोडावा लागतो. आणि साहेबांनी माणसांचा आकडा वर कळवलाय. कमी झाला तर ते मला पंख्याला टांगतील."

"मग तिच्या नावाने तूच भर मत."

हे त्याला पटलं. त्याने खोलीचा पासवर्ड टाकला. यंत्र म्हणालं, चुकीचा. पुन्हा टाकला. पुन्हा चुकीचा. मग खाली बारीक अक्षरांत आलं, की पासवर्ड अलीकडेच बदललेला आहे.

"मी नाही बदलला," बंदचालू म्हणाला.

तेवढ्यात सुनेला खोलीच्या नावापुढचा ठिपका दिसला. त्या सॉफ्टवेअरात जो जागेवर असेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागे, उठून गेला की राखाडी होई. आतल्या खोलीपुढचा ठिपका हिरवा होता.

"आत कोण बसलंय आत्ता?"

"कोणी नाही. कुलूप नसतं, पण आज मीटिंगच नाही."

त्याने यंत्र बंद करून चालू केलं. ठिपका हिरवाच. "अडकतात असे ठिपके," तो म्हणाला. म्हणाला खरा, पण बोलता बोलता खुर्ची त्याने जरा मागे सरकवली.

४

सून काही भित्री नव्हती. तिने मनाशी हिशेब मांडला. आतल्या खोलीच्या भिंतीवर मोठा पडदा आहे, टेबलावर कळफलक आहे, कोणीतरी मीटिंगनंतर चालू ठेवलं असणार. यंत्रच ते. तिने खोलीला निरोप लिहिला, जसा सगळ्यांना लिहिला होता तसाच. 'कृपया आपलं मत नोंदवावं.' लिहिताना तिचं तिलाच हसू आलं.

निरोप वाचल्याची खूण उमटली. हसू तिथेच थांबलं.

मग खाली आलं, 'आतली खोली लिहीत आहे', आणि त्यापुढे तीन टिंबं नाचू लागली. कोणी पलीकडे लिहीत असलं की नाचतात ती टिंबं. सुनेने वाट बघितली. चहा झाला. टिंबं नाचतच होती. दुपार टळली, लोक घरी निघाले, टिंबं नाचतच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आली तरी तेच.

हिशेबाच्या बाई तिच्या खांद्यावरून बघत म्हणाल्या, "माझ्या भावजयीचं असंच. तासभर लिहीत बसते आणि शेवटी पाठवते 'हो'."

"बाई, ही खोली आहे."

"मग निदान खोटं तरी नाही लिहिणार," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसत निघून गेल्या. पण त्या दिवशी त्यांनी आतल्या खोलीतली आपली मीटिंग मोठ्या खोलीत नेली, आणि कारण कोणाला सांगितलं नाही.

सून उठून बोळात गेली. सामानाच्या कपाटांमधून वाट होती. नमुन्याची जुनी कपाटं, काहींची दारं अर्धी उघडी. खाली करवत चालू होती तोवर दुसरं काही ऐकू येत नव्हतं. मग करवत थांबली.

खोलीच्या दाराला उभी काचेची पट्टी होती. आत काळोख. आणि त्या काळोखातून आवाज येत होता. टक. टकटक. टक. नव्याने शिकलेला माणूस एकेका बोटाने अक्षर शोधत टंकतो ना, तसा.

तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला. आवाज बंद पडला.

तिने दार ढकललं, दिवा लावला. लाकडाच्या भुशाचा वास, टेबल, खुर्च्या, भिंतीवर काळा पडदा. माणूस नाही. सगळ्या खुर्च्या टेबलाखाली नीट सारलेल्या, एक तेवढी मागे ओढलेली, आत्ताच कोणी वाट द्यायला उठून उभं राहिल्यासारखी. सुनेने ती खुर्ची आत सारली, घरात सारतो तशी, दिवा घालवला आणि भराभर जागेवर आली.

तर तिच्या पडद्यावर आमंत्रण. 'आतली खोली आपल्याला बोलावत आहे. विषय: मत.'

तिने 'जमणार नाही' दाबलं. लगेच दुसरं आलं. 'आतली खोली आपल्याला बोलावत आहे. विषय: मत. वेळ: आपल्या सोयीने.'

ती बंदचालूकडे गेली. त्याने आमंत्रण वाचलं, टेबलाखाली वाकला आणि म्हणाला, "मला इथल्या वायरी बघायच्यात." आणि वायरी बघत तिथेच बसून राहिला.

संध्याकाळी साहेब म्हणाले, "उद्या महिनाअखेर. एवढंसं काय राहिलंय?"

खोली राहिली आहे, असं ती कोणत्या तोंडाने सांगणार? "होईल सर," म्हणाली.

५

घरी आली तर सासू भाजी निवडत बसली होती आणि मुलगा जमिनीवर उताणा पडून छत बघत होता. त्याला तेवढंच बघता यायचं.

"तोंड का उतरलंय गं?" सासू म्हणाली.

"काही नाही आई. ऑफिसातलं एकजण उत्तर देत नाही. त्याच्यापायी सगळं अडलंय."

"कुठे बसतो हा?"

"आतल्या बाजूला. एकटाच."

"कोणी जातं का त्याच्याकडे?"

सुनेने विचार केला. "मीटिंगला जातात. बोलतात, भांडतात, उठून येतात."

"त्याच्याशी बोलतात?"

"त्याच्याशी नाही. आपापसात."

सासूने हातातली जुडी खाली ठेवली. "म्हणजे सगळं जग त्याच्या देखत बोलणार, आणि त्याला कोणी विचारणार नाही. मग तो चिठ्ठीवर काय मन मोकळं करणार आहे? समोर जाऊन बस. नीट विचार. आणि हाक मारताना अहो म्हण."

"आई, साहेब असेल तो एखादा," जमिनीवरून मुलगा म्हणाला.

"मग तर म्हणच."

सुनेने कांदा चिरायला घेतला. डोळ्यांत पाणी आलं त्याला कारण तरी मिळालं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती बोळातून आत गेली. दार वाजवलं. रिकाम्या खोलीचं दार वाजवताना तिला आधी लाज वाटली, आणि मग आतून काहीच उत्तर न आल्याचं बरं वाटलं. दिवा लावून ती दाराकडच्या खुर्चीवर बसली. समोर टेबल, पलीकडे रिकामी खुर्ची, आणि तिच्यामागे भिंतीवरचा पडदा.

"अहो," ती म्हणाली. पदर सारखा केला. पुन्हा म्हणाली, "अहो, मी मतासाठी आलेय."

खाली करवत थांबली. पलीकडची खुर्ची 'फुस्स' करून जराशी खाली बसली.

ऑफिसच्या खुर्च्या बसतात अशा खाली, हे तिला ठाऊक होतं. जुन्या झाल्या की हवा सुटते. माणूस बसलं की सुटते हेही ठाऊक होतं, पण ते तिने तूर्त बाजूला ठेवलं. पडदा उजळला. तिने प्रश्न वाचायला सुरुवात केली, सगळ्यांना वाचून दाखवले तसेच, एका सुरात.

"हे सॉफ्टवेअर आपण रोज किती वेळ वापरता?"

टक. टकटक. ती कळफलकाकडे बघत नव्हती. ठरवूनच बघत नव्हती. पडद्यावर अक्षरं आली. 'उठत नाही.'

तिने टिपून घेतलं. "सहकाऱ्यांशी संपर्क सोपा झाला का?"

'हो. आधी नुसते ऐकू यायचे. आता दिसतात.'

तिने तेही टिपलं. "आपल्या विभागात किती जण आहेत?"

तीन टिंबं नाचली. नाचत राहिली. मग आलं, 'आत्ता?'

"राहू दे," सून म्हणाली. "हा प्रश्न सोडला तरी चालतो."

घाम मानेवरून खाली उतरत होता. उठून पळावं असं पायांना फार वाटत होतं. पण पाय पळाले तर पगारही पळणार होता, आणि घरी एकजण छत बघत पडलेला होता. तिने पायांना दामटून बसवलं.

"काही सुधारणा सुचवाल का?"

यावर मात्र खोली लिहू लागली. लिहू लागली ती थांबेना. कोणी आवाज बंद ठेवून जांभया देतात, कोणी चेहऱ्याऐवजी नुसतं आद्याक्षर दाखवून झोपतात, एका ओळीचं काम असताना सगळ्यांना तासभर कोंडतात, ज्याचं काम त्याला सोडून बाकीच्यांना मेल जातो. सून मान डोलावत टिपत गेली, कारण शब्द न् शब्द खरा होता. मध्येच ती भीती विसरून "अगदी बरोबर" असंही म्हणाली. शेवटची ओळ आली, 'मीटिंग संपली की दिवा घालवतात. माझी संपलेली नसते. विचारून घालवावा.'

खाली हिरवी पट्टी कडेपर्यंत भरली. आणि पडदा विझला.

विझलेला पडदा आरशासारखा असतो. त्यात तिला दिवा दिसला, टेबल दिसलं, आपला पांढराफटक चेहरा दिसला. आणि चेहऱ्याच्या अलीकडे, रिकाम्या खुर्चीच्या जागी, पाठमोरं कोणीतरी. नोकरीच्या पहिल्या दिवशी ओले करून चापूनचोपून बसवतात तसे केस. ताठ मान. त्या मानेने सावकाश होकार दिल्यासारखं केलं, आणि मग ती वळू लागली, पडद्याकडे, जणू तिलाही आपण कसे दिसतो ते एकदा बघायचं होतं.

सूनबाई उठल्या. कागद छातीशी धरला. डोळे जमिनीवर. दारापाशी पोचल्यावर, माणूस सवयीचा गुलाम, हात बटणाकडे गेला. तिथेच थबकला.

"दिवा राहू दे ना?" तिने न वळता विचारलं.

मागे एक कळ वाजली. पडदा उजळल्याचा उजेड तिच्या पायापाशी पडला. काय लिहिलंय ते बघायला ती थांबली नाही. दिवा तसाच ठेवून निघाली.

७

सगळी मतं वर गेली. थोड्याच दिवसांनी साहेब तिच्या टेबलापाशी स्वतः आले, आणि पहिल्यांदाच पंख्याकडे न बघता बोलले.

"वर फार खूश आहेत. सगळ्या शाखांतून नुसतं 'ठीक आहे, ठीक आहे' आलं. एका माणसाने मात्र खोलात जाऊन लिहिलंय म्हणतात."

"कोणी सर?"

साहेबांनी आवाज खाली केला. "आतल्या खोलीने. त्यांना विभागप्रमुख केलंय."

"पण सर, तुम्ही सांगितलं नाही, की ती..."

"काय सांगू? वाढदिवसाला 'मन लावून काम करत राहा' म्हणून मीच लिहिलंय. ते वर पण गेलं होतं. सगळ्यांना." साहेबांनी पाकीट पुढे केलं. "तुमची नोकरी पक्की झाली. तुम्ही त्यांच्या हाताखाली."

सुनेला हसावं की रडावं कळेना. पण पाकिटात पक्क्या नोकरीचा कागद होता, आणि तो खरा होता.

तर असा साहेब तिला मिळाला. ओरडत नाही, खाकरत नाही. रजा मागितली की पापणी लवायच्या आत 'मंजूर'. कधी एखाद्या दिवशी सून दमलेली असली की न मागताच यायचं, 'आज लवकर निघा'. ती दमली आहे हे कसं कळलं, हा प्रश्न तिने सोडून दिला. आतल्या खोलीतला दिवा मात्र तेव्हापासून कोणी घालवत नाही. बंदचालूने त्याच्या बटणावर कागद चिकटवलाय, 'बंद करू नये'. त्याच्या हयातीत त्याने असं पहिल्यांदाच लिहिलं.

मग एकदा खुद्द आतल्या खोलीकडूनच कळवण्यात आलं, की आराखड्यांची मापं तपासायला एक माणूस हवा आहे. काम बसून. सुनेने घरी सांगितलं. मुलगा इस्त्रीचा सदरा घालून, कमरेला पट्टा बांधून मुलाखतीला गेला. "आत जाऊन बसा," एवढंच तिने त्याला सांगितलं. "आणि दिवा असू द्या."

तो आत गेला आणि दार लागलं. सून आपल्या जागेवर बसून एकच ओळ पुन्हा पुन्हा टंकत राहिली. हिशेबाच्या बाई आल्या, तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. खाली करवत चालू झाली, बंद झाली, पुन्हा चालू झाली. इतका वेळ कसली मुलाखत असते?

अखेर बोळातून पावलं आली. मुलगा हसत होता.

घरी सासूने पहिला प्रश्न तोच केला. "कसे आहेत साहेब?"

"फार चांगले. कमरेचं सगळं नीट ऐकून घेतलं. पाठीला आधार असलेली खुर्ची देतो म्हणाले. निघताना उभं राहून हात मिळवला." त्याने आपला तळवा दुसऱ्या हाताने चोळला. "हात तेवढे गार आहेत फार."

सुनेच्या हातातला पेला तसाच राहिला.

"वेळेवर जेवत नसतील," सासू म्हणाली. "एकटा माणूस. उद्यापासून एक डबा जास्त देत जाईन."

तर अशी त्या घराची घडी बसली. एकाचे दोन पगार झाले, दोन्ही पक्के. मुलाची कंबर त्या खुर्चीवर हळूहळू सरळ झाली. सासू रोज तीन डबे भरते, आणि संध्याकाळी तिन्ही रिकामे, घासूनपुसून परत येतात. सुनेला आता महिनाअखेरीस गाढ झोप लागते. त्यांचं झालं तसं साऱ्या कच्च्या नोकऱ्यांचं होवो.